वार्तेचा आनंद

ज्या मुलखात मुलीच्या लग्नाची तिथी, मुलाची शाळा आणि घरातल्या म्हाताऱ्याचे औषध या तिन्ही गोष्टी अखेर पाऊस किती पडला यावर ठरतात, त्या मुलखातील विचारी माणसाने एखाद्या लहानशा सुखाने किंवा कानावर आलेल्या चांगल्या बातमीने हर्षित व्हावे काय, की असा हर्ष म्हणजे भोवतालच्या दुःखाकडे केलेली पाठ होय असे समजून त्याने तो मनातल्या मनात आवरावा, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका पुस्तकी नाही. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात तो जवळजवळ दरसाल उभा राहतो. पर्जन्यछायेतला हा प्रदेश निजामाच्या अंमलात सरहद्दीवरचा होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. परंतु राज्ये बदलली तरी कचेरीच्या दप्तरातले टंचाईचे सदर काही बदलले नाही. पैसेवारी, टँकरच्या खेपा, चारा छावण्या, हीच येथल्या बातम्यांची नित्याची सामग्री. 2019 च्या उन्हाळ्यात जनावरांना दावणीला चारा उरला नाही, तेव्हा कित्येक कुटुंबे गुरांच्या सोबतीने छावणीतच दिवस काढत होती. अशा ठिकाणी प्रसन्नतेचा उपदेश करणाऱ्याने आधी आपला अधिकार तपासून पाहावा हे उचितच आहे.

आपल्या शास्त्रांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात विषयांच्या स्पर्शातून उपजणाऱ्या भोगांना दुःखाचे उगमस्थान म्हटले आहे. त्यांना आरंभ आहे तसा अंतही आहे, म्हणून जाणता पुरुष त्यांत रमत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. याउलट तैत्तिरीय उपनिषदाच्या आनंदवल्लीत आनंदाची रीतसर मोजदादच मांडलेली दिसते. तरुण, सुविद्य, सुदृढ आणि धनधान्याने भरलेली अखिल पृथ्वी ज्याची आहे अशा मनुष्याचा आनंद हे पहिले माप. त्याच्या शतपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्याही शतपट देवगंधर्वांचा, अशी ती चढण पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती यांच्यावरून ब्रह्मानंदापर्यंत जाते. मनुष्याच्या मापानंतरच्या प्रत्येक पायरीवर मात्र ऋषीने एक पुस्ती जोडली आहे, आणि सारे मर्म त्या पुस्तीत आहे: हा आनंद कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियालाही लाभतो. इंद्राचे आसन न मिळवता इंद्राचा आनंद मिळू शकतो, वस्तूचे स्वामित्व आणि वस्तूविषयीचा आनंद ही दोन निराळी प्रकरणे आहेत, असा याचा सरळ अर्थ होतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की इतर सर्व भूते या परमानंदाच्या एका मात्रेवरच जगत असतात. मग ती मात्रा कोणत्याही निमित्ताने, कितीही लहान होऊन कोणाच्या वाट्याला आली, तरी तिचे कूळ तेच राहणार.

गीता ज्याचा निषेध करते तो भोग. आणि चांगली बातमी ऐकून होणाऱ्या आनंदात भोग असतोच असे नाही, ही गोष्ट या चर्चेत पुरेशी ध्यानात घेतली जात नाही असे मला वाटते. 23 सप्टेंबर 2022 रोजी न्यू आष्टी ते अहमदनगर या 66 किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी सुटली. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झालेला. म्हणजे मंजुरीचा कागद आणि आष्टीचा फलाट यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे गेली. त्या वर्षांत रेल्वेसाठी अर्ज लिहिणारे, मोर्चे काढणारे, निवेदने देणारे किती जण गाडी न पाहताच निवर्तले असतील. गाडी सुटली त्या दिवशी आनंद झाला तो केवळ तिकीट काढणाऱ्यांना झाला नाही. ज्यांना त्या दिवशीच काय, पुढेही कोठे जायचे नव्हते, ज्यांचे सारे आयुष्य शेत, बाजार आणि तहसील कचेरी यांच्या त्रिकोणात सरले होते, अशा वृद्ध माणसांनाही 'आपल्याकडे रेल्वे आली' हे वाक्य उच्चारताना जे समाधान झाले, त्यात इंद्रियाला कोणत्या विषयाचा स्पर्श झाला होता? त्यांनी काहीही भोगले नाही, काहीही मिळवले नाही. उपनिषदातील त्या अकामहत श्रोत्रियाच्या आनंदाची जात मला या आनंदात ओळखू येते. वेदाध्ययनाचा भाग तेवढा सोडून द्यावा लागेल.

पाण्याची बातमीही अशीच. आपल्या शिवारात ढेकूळसुद्धा भिजलेले नसते, आणि मेहकरीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला, तलावात पाणी येऊ लागले, अशी खबर कोणी तरी आणतो. ऐकणाऱ्याची जमीन त्या तलावाच्या लाभक्षेत्रात असेलच असे नाही. तरीही त्याचा चेहरा उजळतो, तो ही खबर पुढच्या माणसाला देतो, आणि ती देताना आवाज किंचित चढतो.

बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत मैत्री आणि करुणा यांच्यानंतर मुदिता येते, म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षाने होणारा आनंद. पतंजलीनेही समाधिपादात हीच चार नावे घेऊन चित्त प्रसन्न करण्याचा उपाय म्हणून त्यांची भावना करावयास सांगितले आहे. या चौघींत मुदिता मला सर्वांत अवघड वाटते. दुःखितावर करुणा करताना आपण नकळत त्याच्याहून उंच उभे असतो. सुखी माणसाच्या सुखात सुख मानताना उंचीचा तो आधार निघून जातो. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले आणि आपली कोरडी राहिली, तेव्हा पेढा तोंडात घालून मनापासून 'बरं झालं' म्हणणे ही मोठी साधना आहे, आणि ती खेड्यापाड्यांतील पुष्कळ माणसे तिला साधना न म्हणता करीत असतात.

या तालुक्यातील वाहिरे गावाशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले जाते त्या शेख महंमदांची एक आख्यायिका येथे आठवते. 'योगसंग्राम' लिहिणारा हा मुसलमान संत वारकऱ्यांच्या मांदियाळीत आदराने बसलेला आहे. त्यांची समाधी श्रीगोंद्यास आहे. श्रीगोंद्यात असताना त्यांनी एकाएकी आपले दोन्ही हात चोळले आणि ते काळे झाले. विचारले तेव्हा कळले, की देहूला तुकोबांच्या कीर्तनाचा मंडप पेटला होता, तो त्यांनी विझवला. चमत्कार म्हणून या कथेचा स्वीकार करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. मला तीत दिसते ते इतकेच, की दूरच्या गावचे, दुसऱ्याच्या उत्सवाचे क्षेम या माणसाला आपल्या हाताच्या त्वचेइतके जवळचे होते. ज्याला परक्याच्या मंडपाची आग पोळते, त्यालाच तो मंडप वाचल्याचा आनंद पुरता कळतो. करुणा आणि मुदिता या एकाच अंतःकरणाच्या वृत्ती असल्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आणि आता ज्या वार्तेविषयी मला विशेष सांगायचे आहे तिच्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, त्यात आष्टीतूनही, ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. संसार ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतो. तेथे फडाजवळ कोप्या पडतात, पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, आणि ज्यांची शाळा मोडू नये म्हणून आजीजवळ ठेवली आहेत अशी मुले. या सहा महिन्यांत त्या घराला लागणारी आनंदाची वार्ता किती लहान असते पाहा. पहिली: 'पोचलो.' रात्रीच्या प्रवासात गाडी उलटली नाही, घाटात काही झाले नाही, एवढाच तिचा आशय. आणि तेवढ्यावर आजी देवापुढे हात जोडून भाकरीला बसते. मग मधूनमधून येणाऱ्या खुशाल्या: पोराचा ताप उतरला, बैलाचा पाय बरा झाला, उचल फिटत आली. आणि शेवटी उन्हे तापू लागल्यावर ती मोठी बातमी येते: 'पट्टा पडला.' कारखान्याचे गाळप संपले, माणसे परत निघाली. पूर्वी ही खुशाली कोणाच्या तरी तोंडी निरोपाने किंवा पोस्टकार्डाने येई, आता भ्रमणध्वनीवरून येते. ऐकणाऱ्याच्या छातीवरचे ओझे मात्र तेवढेच उतरते.

ही माणसे परततात तो काळ गुढीपाडव्याच्या आसपासचा. सावरगावला मच्छिंद्रनाथांच्या समाधिस्थानी, ज्याला लोक मायंबा म्हणतात तेथे, आणि शेजारच्या तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या गडावर त्या दिवसांत भाविकांची रीघ लागते. पैठणहून गोदावरीचे पाणी खांद्यावरच्या कावडीने चालत आणले जाते. नाथांचा पंथ वैराग्याचा. परंतु त्यांच्या दारी जी गर्दी जमते तीत सहा महिन्यांनी आपल्या मुलाला उचलून घेणारा बाप असतो. वैराग्याने या आनंदाला कधी दार लावून घेतल्याचे ऐकिवात नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डावलून पुढे जाणे योग्य होणार नाही. 'पोचलो' या शब्दावर समाधान मानण्याची सवय ज्यांना लागली आहे त्यांना अधिक मागण्याचे विस्मरण होते. मुकादमाचा हिशेब, कोपीतला अंधार, मुलांची मोडलेली शाळा ही सारी या लहान आनंदांच्या आड झाकली जातात. सबब, गरिबाला लहान सुखात रमवणे हा त्याच्यावरचा अन्यायच होय. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जो सुस्थितीत बसून दुसऱ्याला असा संतोष शिकवतो त्याच्यावर हा दोष पूर्णपणे लागू पडतो. तथापि अनुभव काय सांगतो? आष्टीच्या रेल्वेसाठी सत्तावीस वर्षे तकरार चालू ठेवणारी माणसे उदास नव्हती. अर्थसंकल्पात थोडी रक्कम पडली, मोजणी झाली, एखादा पूल उभा राहिला, अशा प्रत्येक तुटपुंज्या बातमीने त्यांना पुढच्या अर्जापुरते बळ दिले. संपूर्ण न्याय मिळाल्याखेरीज हसणार नाही, अशी प्रतिज्ञा करणारा माणूस बहुधा तिसऱ्या वर्षी घरी बसतो. तुकोबांच्या घरात 1630 च्या दुष्काळाने पत्नी आणि मूल यांचा बळी घेतला; त्यांच्या गाथेत देवाशी भांडण आहे, आक्रोश आहे, आणि त्याच गाथेत पंढरीच्या वाटेवरचा ओसंडणारा आनंदही आहे. त्या आनंदाने त्यांचे भांडण मिटवले नाही, किंवा भांडणाने आनंद नासवला नाही.

16 ऑक्टोबर 2023 रोजी आष्टीहून अहमदनगरकडे निघालेल्या याच गाडीच्या पाच डब्यांना आग लागली. सर्व प्रवासी सुखरूप उतरले. वर्षभरापूर्वी जिचे कौतुक केले ती गाडी जळताना पाहण्याचे दुःख खरे, आगीचे कारण शोधून काढण्याची मागणी योग्य, आणि कोणाच्याही घरी त्या रात्री चूल विझली नाही याचा आनंदही तितकाच खरा. या तिन्ही गोष्टी एका मनात एकाच वेळी मावल्या पाहिजेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात मनाच्या तपाची जी अंगे सांगितली आहेत त्यांत प्रसन्नतेला, सौम्यता, मौन आणि आत्मनिग्रह यांच्याही आधी, पहिले स्थान दिले आहे. प्रसन्नता ही तपात गणली आहे याचा मी असा अर्थ घेतो, की ती आपोआप येत नाही. तिच्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. आजच्या काळात तर विशेषच, कारण हातातल्या यंत्रावर सकाळपासून येणाऱ्या वृत्तांत अपघात, खून आणि वैर यांचीच दाटी असते, आणि शेजारच्या घरातील मुलगी तलाठ्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे आपल्याला आठवड्याने कळते. ते त्याच दिवशी विचारून घेणे, ऐकल्यावर उठून तिच्या घरी जाणे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगणे, हा तपाचा आचार होय. काही ठिकाणी संध्याकाळी हरिपाठ आटोपल्यावर माणसे लगेच न उठता गावची हकीकत बोलत बसतात. त्या बैठकीला मी हरिपाठाचाच शेवटचा भाग मानतो.

मात्र तप हे ज्याचे त्याने करायचे असते, दुसऱ्याकडून वसूल करायचे नसते, ही मर्यादा पाळलीच पाहिजे. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रेल्वेगाडी आष्टीच्याही पुढे बीडपर्यंत पोचली. जिल्ह्याच्या ठाण्याला प्रथमच रेल्वे मिळाली, आणि आष्टीकराला बीडच्या या भाग्याचा आनंद वाटावा असाच तो दिवस होता. परंतु त्याच महिन्यात, ज्या मराठवाड्याने पावसासाठी आयुष्यभर आभाळाकडे पाहिले, तेथे अतिवृष्टीने उभी पिके आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याखालची मातीही वाहून गेली. ज्याच्या रानात गुडघाभर पाणी उभे होते, त्याने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत तर त्याच्यात मुदितेची न्यूनता होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. गाडीच्या आनंदात असलेल्या माणसाने त्याच्या बांधावर जावे, पंचनाम्याच्या यादीत त्याचे नाव चढले की नाही हे तलाठ्याला विचारावे, आणि चढले असेल तर ती बातमी आधी त्याला येऊन सांगावी.