गव्हर्नरचा पगार कोणी द्यायचा?

बॉस्टनच्या बंदरात 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीनशेहून अधिक पेट्या चहा पाण्यात गेला, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. करामुळे चहा महागला म्हणून लोक खवळले, अशी समजूतही तेव्हापासूनच मनात बसते. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला लंडनची जकात माफ झाली, अमेरिकेत थेट विक्रीची मुभा मिळाली आणि चहा उलट स्वस्तच होणार होता. मग तो बुडवायचा कशाला? चोरट्या डच चहावर गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांचे पोट दुखत होते, हे खरेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. पौंडामागचा 3 पेन्स कर जाणार कुठे होता, हे पाहायला हवे.

कागदोपत्री राजाचा गव्हर्नर सर्वशक्तिमान होता. बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये तो सभागृहाचे विधेयक फेटाळू शके, सभागृहच बरखास्त करू शके. मात्र त्याचा पगार मंजूर करायचे ते सभागृहच. 1728 मध्ये विल्यम बर्नेट हा नवा गव्हर्नर लंडनचा हुकूम घेऊन आला: वर्षाला 1000 पौंड, कायमचे बांधून द्या. सभागृहाची पैसे द्यायला ना नव्हती. रक्कम ‘कायमची’ करायला होती. चिडलेल्या बर्नेटने अधिवेशन बॉस्टनमधून सेलमला हलवले. तरी कोणी बधले नाही, आणि पगार कायम न होताच पुढच्या वर्षी तो वारला. पुढे लंडननेच नमते घेतले.

हीच मेख 1767 मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने उपटायला घेतली. काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर कर बसवायचा आणि त्यातून गव्हर्नर-न्यायाधीशांचे पगार भागवायचे, हा उद्देश कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिला होता. बहिष्काराने जेरीस आल्यावर 1770 मध्ये बाकीचे कर उठले, चहाचा राहिला. तो ठेवायचा निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळात पाच विरुद्ध चार मतांनी झाला होता! 1772 मध्ये गव्हर्नर थॉमस हचिन्सनने आपला पगार आता राजाकडून मिळतो असे सांगून टाकले. पाठोपाठ न्यायाधीशांचीही तशीच सोय होणार असल्याची बातमी आली. त्याच नोव्हेंबरात सॅम्युएल अॅडम्सच्या पुढाकाराने बॉस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगाव अशा समित्या उभ्या राहिल्या, चहाची जहाजे यायच्या वर्षभर आधी. पुढे राजाचा पगार सोडायला सरन्यायाधीश पीटर ऑलिव्हर राजी होईना, तेव्हा त्याच्या हाताखाली ज्युरीवर बसायला लोकांनी नकार दिला.

हे ‘लोक’ म्हणजे मालमत्ताधारक पुरुष, गुलामांना त्यात स्थान नव्हते, हेही नोंदवायला हवे.

आपल्याकडे याच 1773 मध्ये याच पार्लमेंटने रेग्युलेटिंग अॅक्ट केला. गव्हर्नर जनरलला वर्षाला 25,000 पौंड ठरले, तेही इथल्याच महसुलातून. बंगालच्या रयतेला विचारायचा प्रश्नच नव्हता. 1902 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हाही सभासदांना बोलायची मुभा होती, मत द्यायची नव्हती. बर्नेटला रडकुंडीला आणणारे हत्यार गोखल्यांच्या हाती कधी आलेच नाही.

हचिन्सनच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. दरवर्षी सभागृहापुढे हात पसरणारा न्यायाधीश निःपक्षपाती कसा राहील? हा आक्षेप मला लटका वाटत नाही. बंडखोरांनाही तो मनातून पटलेला असावा. 1780 मध्ये मॅसॅच्युसेट्सने स्वतःचे संविधान केले. मसुदा मुख्यतः जॉन अॅडम्सचा. गव्हर्नर सभागृहाच्या दबावाखाली राहू नये म्हणून त्याला कायद्याने ठरलेला, कायमचा पगार असावा, असे त्यात कलम आहे. न्यायाधीशांनाही तसाच. बर्नेट मागत होता तेच. फक्त ते ठरवणारे आता लंडनला नव्हते.