हिरवळीच्या काठावरचा अभ्यास

तरुण एकनाथांची एक कथा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देवगिरीवर किल्लेदार जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना त्यांना एका पैची चूक सापडेना. रात्र सरत आली तेव्हा ती सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी चित्त एवढे लागते, तर ते भगवंताकडे लागले तर काय होईल, असे स्वामी म्हणाले. म्हणजे हिशेबाच्या वहीवर कमावलेली एकाग्रता परमार्थातही कामी येते, अशी त्यांची खात्री होती.

मग ती गोल्फच्या मैदानावर कमावली तर?

हा प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, काठावरून मारायचा ‘चिप’ हा गोल्फमधला छोटा फटका. चेंडू थोडाच उडतो, ग्रीनवर टेकतो आणि उरलेले अंतर घरंगळत जातो. वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटे शांत. ताकद जवळपास लागतच नाही, म्हणून मनातली चलबिचल लपायला जागा उरत नाही. जाणता खेळाडू होलवर नव्हे, तर चेंडू जिथे टेकायला हवा त्या जागेवर नजर ठेवतो.

सरावाची रीतही विचार करायला लावते. एकाच जागेवरून तोच फटका पुन्हा पुन्हा मारला की हात बसल्यासारखा वाटतो. पण शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. क्रम सतत बदलत शिकणारे सरावात मागे पडले, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तेच सरस ठरले. सरावातले यश आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सराव म्हणजेच अभ्यास, आणि तो एकटा पुरत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही म्हणणाऱ्या अर्जुनाला श्रीकृष्ण अभ्यासाबरोबर वैराग्यही सांगतात. योगसूत्रांत पतंजलीही हीच जोडी सांगतात आणि अभ्यास दीर्घकाळ, अखंड व आदराने व्हावा असे म्हणतात. आपण अभ्यास उचलतो, वैराग्य संन्याशांसाठी सोडून देतो. ही मोठी चूक आहे.

2015 च्या फिनिक्स ओपन स्पर्धेत नामांकित गोल्फपटू टायगर वूड्सचे साधे चिप पुन्हा पुन्हा फसले आणि दुसऱ्या फेरीत त्याला 82 फटके लागले. पाठीची शस्त्रक्रिया, बदललेला स्विंग ही कारणे होतीच. पण सरावात कमी पडणारा हा माणूस नव्हे. नुसती आवर्तने माणसाला किती दूर नेतात, याची सीमा तिथे दिसली. पुण्यात जन्मलेला भारतीय गोल्फपटू अनिर्बाण लाहिरी मात्र त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. लाहिरी विपश्यना करतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून शिकवली जाणारी ही साधना सांगते की संवेदना नीट पाहा, पण तिच्यावर प्रतिक्रिया देऊ नका.

वैराग्याचा अर्थ इथे उलगडतो. चेंडू कुठे टेकला हे न पाहणारा कधीच शिकणार नाही. फळ पाहायचेच, अगदी बारकाईने. फक्त त्यावरून स्वतःची किंमत ठरवायची नाही. नाथांनीही पैची चूक शोधली, ती पैच्या लोभाने नव्हे.

म्हणून सराव करणाऱ्याने ग्रीनवर एक टॉवेल अंथरावा, प्रत्येक चेंडूला जागा बदलावी, चेंडू टॉवेलवर टेकला की नाही ते पाहावे आणि पुढचा चेंडू घ्यावा.