तबकडीनंतर आलेलं पुस्तक

ना. घ. देशपांडे यांचा पहिला कवितासंग्रह १९५४ साली निघाला. त्याचं नाव 'शीळ'. ज्या कवितेवरून हे नाव आलं, ती तोवर वीसएक वर्षं ग्रामोफोनवर वाजत होती. कवितेला पुस्तकाची गरज उरलेली नव्हती. पुस्तकाला मात्र तिच्या नावाची होती. आधी संग्रह निघतो, मग एखादा संगीतकार तो चाळतो आणि त्यातली एखादी कविता उचलतो, हा आपल्या अंगवळणी पडलेला क्रम. भा. रा. तांब्यांच्या बाबतीत तो असाच घडला. नाघंच्या बाबतीत लोकांनी कवी आधी ऐकला आणि वाचला नंतर. पुढे त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं, त्या सगळ्यावर या उलट्या क्रमाची सावली आहे असं मला वाटतं.

'शीळ'ची तबकडी एचएमव्हीनं काढली ती १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. गायक जी. एन. जोशी, चालही त्यांचीच. मराठीतलं पहिलं ध्वनिमुद्रित भावगीत असा मान तिला दिला जातो. 'पहिलं' कुठलं यावर वाद घालणारे भेटतात, घालोत बापडे. मराठी तबकड्यांवर त्याआधी नाट्यपदं होती, अभंग होते, लावण्या होत्या. नवल होतं ते एवढंच की मागे नाटकातला प्रसंग नाही, देवाचं नाव नाही, फडाची संगत नाही, अशी एक सुटी कविता लोकांनी पैसे मोजून घरी नेली. जमीन अर्थात आधीच नांगरलेली होती. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं आणि माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांच्या काळात कविता गाऊन दाखवण्याची प्रथा रूढ झाली. पण तिथे कवी स्वतः समोर असे. श्रोत्यांना त्याचा चेहरा दिसे, त्याचं अडखळणंही दिसे. तबकडीनं कवीला खोलीबाहेर उभं केलं.

नाघ आणि जोशी या दोघांची गंमत अशी की दोघंही साधारण एकाच वयाचे आणि दोघांनीही कायद्याचं शिक्षण घेतलेलं. जोशी वकिली सोडून एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले आणि आयुष्यभर तिथेच रमले. १९६७ सालची शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याच देखरेखीखाली झाली. नाघ बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला राहिले आणि वकिली करत राहिले. एकानं आवाज टिपण्याचं यंत्र जवळ केलं. दुसऱ्याचे शब्द त्या यंत्रातून गावोगाव गेले आणि तो स्वतः पैनगंगेकाठच्या आपल्या गावीच राहिला.

त्या यंत्राच्या अटी कडक होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. चुकलं तर खोडायची सोय नाही; नवी चकती घ्यायची आणि पहिल्यापासून गायचं. त्या सव्वातीन मिनिटांत वाद्यांचा सुरुवातीचा तुकडा, ध्रुवपदाची आवर्तनं, एखाददुसरी तान, हे सगळं बसवून जे उरेल ते कवितेचं. पल्लेदार वृत्तातली, अर्थ हळूहळू उलगडत जाणारी कविता इथे गुदमरलीच असती. 'शीळ' गुदमरली नाही, कारण ती लोकगीताच्या वळणाची आहे: ओळी आखूड, ध्रुवपद फिरून फिरून येणारं, आणि पहिल्याच श्वासात रान, आवाज आणि ऐकणारी, तिन्ही हजर. नाघंनी ती तबकडीच्या मापानं लिहिली असं म्हणण्याला काही आधार नाही. जात्यावर आणि शेतावर गाणाऱ्या बायकांनी जे माप शतकानुशतकं वापरलं, ते यंत्राच्या मापाशी जुळलं, एवढंच म्हणता येईल. आणि मला ते पुरेसं वाटतं.

कविता बोलते ती बाई. राया म्हणून ज्याला ती हाक मारते त्याच्यावर ती रागावलेली आहे, आणि त्या रागात लाडही आहे. बोली गावची. लिहिणारा विशीतला शिकलेला तरुण, गाणारा कायद्याचा पदवीधर, आणि मधली ती बाई दोघांचीही नाही. ऐकणाऱ्यांना हे खटकलं नाही, कारण बालगंधर्वांनी मराठी कानाला पुरुषाच्या गळ्यातून स्त्रीचं मन ऐकायची सवय लावलेली होती. फरक मात्र बारीक आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. गंधर्वांच्या पदामागे शालू होता, दागिने होते, रुक्मिणी किंवा सिंधू होती. तबकडीमागे काहीच नाही. कागदावर वाचताना ती बाई किती चिडली आहे आणि किती चिडल्याचं सोंग करते आहे, हे वाचणारा स्वतःच्या मनानं ठरवतो. जोशींच्या गळ्यातून ते ठरूनच येतं: कुठे थांबायचं, कुठला शब्द लांबवायचा, कुठे हसू लपवायचं. पुढच्या दोन पिढ्यांनी कविता उघडली तेव्हा हा गळा त्यांच्या कानात आधीच बसलेला होता. नाघंची 'शीळ' मनातल्या मनात चालीशिवाय वाचून पाहा. मला तरी ते साधत नाही. ही हानी आहे की लाभ, याचा निकाल मी देणार नाही. पण चालीनं कविता अमर केली असं म्हणून जे मोकळे होतात, त्यांनी या हानीचाही हिशेब ठेवावा.

नावांचा हिशेब तर आणखी अवघड. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी गायल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कुठला आवाज कुणाचा ते कळायला हवं होतं. गायकाचं नाव असं यंत्राच्या सोयीसाठी का होईना, टिकलं. शब्द कुणाचे हे कारखान्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि सुरुवातीच्या अनेक लेबलांवर ते नसेही. गायकांचंही नाव ठरलेलं असे असं नाही: जोशींबरोबर युगुलगीतं गाणाऱ्या गंगूबाई हनगल त्या तबकड्यांवर 'गांधारी' म्हणून आहेत. पण गांधारीची पुढे गंगूबाई झाली. लेबलावर न आलेल्या कवीला असं दुसरं नाव मिळायची वाट नव्हती. पैशाचं तर बोलायलाच नको. कुठल्याही करारानं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येऊ नये, अशी तरतूद प्रताधिकार कायद्यात आली ती २०१२ च्या दुरुस्तीनं. तेव्हा 'शीळ' गाणाराही हयात नव्हता आणि लिहिणाराही.

पुढे सुधीर फडक्यांनीही नाघंच्या कविता गायल्या, आणि त्या आकाशवाणीवरून लोकांच्या तोंडी बसल्या. नाघंना स्वतःला मात्र पुस्तक काढण्याची घाई कधीच नव्हती. 'शीळ' १९५४ साली, 'अभिसार' १९६३ साली, 'खूणगाठी' त्यानंतर वीसेक वर्षांनी. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तरी गावोगावच्या कार्यक्रमांतून फर्माईश होत राहिली ती तबकडीतल्याच गाण्याची. अकादमीनं जो कवी निवडला आणि श्रोत्यांनी जो निवडला, ते दोन वेगळे कवी आहेत असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. 'खूणगाठी' वाचताना चाल मदतीला येत नाही. शब्द किती वेळ जिभेवर धरायचा हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मेहकरच्या या वकिलाची खरी ओळख करून घ्यायची असेल तर तिथून सुरुवात करावी आणि 'शीळ' सगळ्यांत शेवटी वाचावी, ध्रुवपद एकदाच म्हणून.