बियाण्यासाठी राखलेले फळ

आमच्या परसातील गावठी टोमॅटोचे उत्तम फळ आम्ही खात नाही. ते बियाण्यासाठी झाडावरच पिकू देतो. संकरित वाणाचे बी धरले तर पुढचे झाड तसेच येईल याचा भरवसा नाही; गावठी बी बहुधा आपल्या वाणाला जागते. गर दोनतीन दिवस आंबवावा, बी धुऊन सावलीत वाळवावे. महिन्याभराचे रोप संध्याकाळी जरा खोल लावावे. मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात.

विश्वासाचे वाणही असेच घरात राखले जाते. तीमथ्याच्या आधी तो विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल सांगतो. आपल्या मंडळ्यांत मात्र संडेस्कूलला उरलेली खोली, उरलेला वेळ. आणि शिक्षक मिळाला तर मिळाला!