प्रक्षाळपूजा खाटेवरच्या देवाची



आषाढी-कार्तिकीला पांडुरंगाचा पलंग काढतात, हे आपणा वारकऱ्यांस सांगावयास नको. लेकरे दुरून भेटीस आलेली, मग मायबापास निद्रा कोठली? रात्रंदिवस दर्शन चालते. उभ्या देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने स्नान घालतात, पायांस लिंबू-साखर चोळतात, रात्री शीण उतरावा म्हणून काढा दाखवतात, आणि मग देव शेजेवर जातो.

आता विचार करा. जो सच्चिदानंद, त्यास शीण कसला? वेदान्ताच्या दृष्टीने तो नाहीच. मग हा उपचार कशासाठी? तर आपल्या हातांना वळण लागावे म्हणून. थकलेल्याची पाठ टेकवावी, पाय चोळावे, ऊन पाणी द्यावे, काही गरम पाजावे, हे पंढरीत पाहावयाचे आणि घरी, गावी करावयाचे. विटेवरचा देव बोलत नाही, तरी त्याची पाठ दुखेल असे आपणांस वाटते. मग खाटेवरचा देव कण्हतो, ते आपणांस ऐकू कसे येत नाही?

पुंडलिकाची कथा आपण सारे सांगतो, पण बहुधा उत्तरार्धच सांगतो. पूर्वार्धात हाच पुंडलिक आईबापांस छळणारा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याने पहाटे काय पाहिले? मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, धुणे धुतले, आणि निघताना त्या तेजस्वी, निर्मळ होऊन निघाल्या. त्या होत्या गंगा, यमुना आणि सरस्वती. जगाचे पाप धुऊन मळलेल्या नद्या, मातृपितृभक्ताच्या घरचा केर काढून शुद्ध होत होत्या. तेथे पुंडलिकाचे डोळे उघडले. तात्पर्य, सेवा म्हणजे झाडणे, धुणे, उचलणे. हार घालणे पुढचे.

येथे एक शंका येते. कीर्तन संपल्यावर मंडळी हळूच विचारतात, "महाराज, आईस वृद्धाश्रमात ठेवली आहे. आम्ही पुंडलिकाचे वैरी ठरलो का हो?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली. आयुष्य वाढले, घरे लहान झाली. मुलगा आणि सून दोघेही कामावर. आईला स्मृतिभ्रंश, ती गॅस उघडा ठेवते, दार उघडून निघून जाते. वडिलांस पक्षाघात, त्यांस उठवावयास दोन माणसे लागतात. कोणास मूलबाळच नाही. अशा ठिकाणी जाणत्या हातांत सोपवणे हे पाप नव्हे. सोपवून विसरणे, हे पाप. महिन्याचे पैसे पोचले म्हणजे पुत्रधर्म पोचला असे होत नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्यास निरोप देताना मातापित्यांस देव मानावयास सांगतो. देवाचे भाडे भरून दर्शनास न जाणारा भक्त कोणी पाहिला आहे काय?

आणि जो घर-शेत लिहून घेऊन म्हाताऱ्यास बाहेर काढतो, त्याच्यासाठी शास्त्राबरोबर कायदाही आहे. 2007 साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. प्रांतांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरणात साधा अर्ज करावा लागतो. स्वतःस जमत नसेल तर दुसऱ्या माणसाकरवी वा संस्थेकरवी करता येतो. महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याची तरतूद त्या कायद्यात केली. सांभाळीन या अटीवर बक्षीसपत्र घेतले आणि सांभाळले नाही, तर ते रद्द ठरवता येते. म्हणून ती अट कागदावर स्पष्ट लिहवून घ्यावी. टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, असे कलम आहे. तरी आम्ही म्हणतो, लेकाला प्रांतासमोर उभे करण्याची पाळी कोणा माऊलीवर न येवो.

असो. आता आश्रम चालवणाऱ्यांशी दोन शब्द. एका आश्रमात आमचे कीर्तन होते. स्थळाचे नाव सांगत नाही. इमारत टुमदार, भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक. सारी म्हातारी माणसे पहाटेपासून नटवून बसवलेली. आम्ही उभे राहिलो तो एका आजींचे ओठ सुकलेले दिसले. पाणी मागवले, तर सेविका कानाशी म्हणाली, "पाणी दिले की शौचाला न्यावे लागते, महाराज. आज माणसे कमी आहेत." सज्जनहो, त्या बाईचा दोष आम्ही मानत नाही. माणसे कमी ठेवणाराचा दोष. फलकास पैसा होता, रात्रपाळीच्या बाईस नव्हता!

विठ्ठलमंदिराचा नित्यक्रम घ्या आणि आश्रमास लावून पाहा. काकडा: पहाटे प्रेमाने नाव घेऊन उठवणे, "ए आजी, सात नंबर" असे नव्हे. स्नान: आडोसा करून, ऊन पाण्याने, न्हाणीघराची फरशी कोरडी, भिंतीला धरावयास दांडी, रात्री मिणमिणता का होईना दिवा. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले की माणूस पुष्कळदा पुन्हा पायांवर येत नाही. नैवेद्य: बसते करून लहान घास भरवावा, जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. निजल्या निजल्या भरवले तर अन्न श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. तोंड रोज स्वच्छ करावे. पाणी मागण्याची वाट पाहू नये, म्हाताऱ्यास तहान कळत नाही. पाठीचा लोड: जो उठू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, टाचा आणि माकडहाड पाहावे. कातडी लाल दिसली तर तेथेच सावध व्हावे. शय्याव्रण खोल गेला की जीव घेतो. शेजारती: औषधाचा तक्ता पाहून गोळ्या द्याव्या, हाक मारली तर येणारे माणूस रात्री जागे असावे.

विश्वस्तांनी दोन वह्या ठेवाव्या. एक पैशाची, दुसरी देहाची. दुसरीत प्रत्येकाचे महिन्याचे वजन, कोण पडले, कोणास व्रण झाला, कोणी जेवण टाकले, हे लिहावे. पैशाची वही हिशेबतपासनीस पाहतो, देहाची वही विश्वस्तांनी स्वतः दर महिन्यास वाचावी. आणि तक्रार करणाऱ्यास कृतघ्न म्हणू नये. फुकट ठेवले म्हणून मान विकत घेतला असे होत नाही.

सेविका म्हणजे त्या तीन नद्या, हे विसरू नका. दुसऱ्याचे मलमूत्र काढणारीस पुरता पगार, हप्त्याची सुट्टी, माणूस कसे उचलावे याचे शिक्षण आणि चार आदराचे शब्द दिले नाहीत, तर नदी आटेल. मग आश्रम कोण झाडील? गाडगेबाबा 1956 साली गेले. त्यांनी जन्मभर खराटा हाती धरला, धर्मशाळा उभारल्या, आणि कोणी पाया पडू लागला तर पडू दिले नाही. आश्रमाच्या व्यवस्थापनाचा हा सबंध पाठ आहे.

शेवटी आपले, वारकऱ्यांचे, काम. प्रत्येक दिंडीने, प्रत्येक भजनी मंडळाने जवळचा एक आश्रम धरावा. केळी वाटून छायाचित्र काढून परत येऊ नये. तासभर एका माणसाजवळ बसावे, त्याची नखे काढावी, त्याची गोष्ट ऐकावी. ज्यास मुलाचे नाव आठवत नाही, त्याच्याजवळ हरिपाठ धरा. पुष्कळदा ओठ हलू लागतात. तो जुन्या काळात गेला असेल तर त्यास खोटे पाडू नका, त्याच्याबरोबर थोडे चाला. आणि एकादशीचा आग्रह करू नका. मधुमेहाची गोळी वा सुई घेणारा उपाशी राहिला तर साखर उतरून बेशुद्ध पडतो. वृद्धास व रोग्यास शास्त्राने सवलत दिलेली आहे, ती आपण काढून घेणारे कोण?

ज्याने चाळीस वाऱ्या पायी केल्या आणि ज्याचे पाय आता उठत नाहीत, त्याची वारी चुकली असे समजू नका. त्याने वारी करावयाची ती केली. आता त्याच्या खाटेपर्यंतची वारी आपली आहे. पुंडलिकाने देवास थांबवले, कारण हातचे काम टाकण्यासारखे नव्हते. आपल्या हातीही तेच काम येवो.

रामकृष्णहरि.