ऋणाची ओल

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून नागपूरहून लाखांदूरला जाण्याचा योग आला. उमरेड, भिवापूर करीत दुपारी पवनीला एका जुन्या स्नेह्याकडे जेवलो आणि वैनगंगा ओलांडून सांजवेळी माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात उतरलो. तिने अंथरुणे घालून ठेवली होती. पुतण्या म्हणाला, "आत्या, आम्ही चुलबंदच्या काठी तंबू ठोकतो. तुला उगाच त्रास नको." मीही गप्प राहिलो. बहिणीने अंथरुणे मुकाट्याने गुंडाळली.

त्या गुंडाळलेल्या अंथरुणांनी तंबूत मला झोप येऊ दिली नाही. यजमानाची ओढाताण पाहून जपून घ्यावे, हे उचितच. परंतु कोणाचे काहीच नको, या वृत्तीत अहंकार दडलेला नसतो काय? जो घेत नाही, तो दुसऱ्याचा देण्याचा अधिकारही नाकारतो. येशूने जक्कयाच्या घरचा मुक्काम स्वतःहून मागितला. त्या मागण्यानेच जक्कयाचे मन उघडले.

सकाळी धान कापलेल्या बांध्यांत लाखोरी हिरवीगार दिसली. ती उभ्या धानातच पेरतात. मग जमिनीत उरलेल्या ओलीवरच ती वाढते. त्या ऋणाने तिला कमीपणा येत नाही.

आम्ही तंबू आवरला आणि न्याहारीला बहिणीकडे गेलो. "अक्का, आजची रात्र इथेच," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने अंथरुणे उन्हात घातली.