चित्रातील साक्षीदार

मोगल ग्रंथचित्रे पाहताना आपले लक्ष साहजिकच बादशहाकडे, त्याच्या हत्तीघोड्यांकडे आणि पानाभोवतीच्या सोनेरी हाशियाकडे जाते. परंतु चित्रातून कथा सांगण्याची कल्पना या दरबारात शंभरएक वर्षांत कशी घडली आणि कशी पालटली, याचा मागोवा घ्यावयाचा असेल, तर नायकाला क्षणभर बाजूस ठेवून, त्याच्या आसपास उभे राहून घडते आहे ते पाहणाऱ्या माणसाकडे पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयास गेलेल्या हुमायूनने तेथील मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या दोन मुसव्विरांना आपल्या पदरी आणले, आणि पुढे त्यांच्याच देखरेखीखाली अकबराचा चित्रखाना उभा राहिला. त्यांनी जन्मभर गिरवलेली इराणी परंपरा एकट्या वाचकाने मांडीवर घेऊन न्याहाळावयाच्या नाजूक पोथीची होती. अकबराने १५६२ च्या सुमारास काढावयास घेतलेला, अमीर हम्झाच्या साहसकथांचा ‘हम्झानामा’ मात्र अगदी निराळ्या जातीचा निघाला. सुमारे पंधरा वर्षे चाललेल्या या कामात चौदाशेच्या घरात चित्रे झाली. दोन फुटांहून उंच अशा सुती कापडावर ती रंगवलेली असून, कथेचा मजकूर त्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे. आज त्यांपैकी दोनशेही उरलेली नाहीत. हा आकार आणि ही मांडणी पाहिली, म्हणजे चित्र मंडळींसमोर धरावे आणि मागे दास्तान वाचली जावी, हाच त्यांचा हेतू असावा याविषयी शंका राहत नाही. अशा बैठकीत चित्राला कथेची हाकाटी करावी लागते. म्हणून अमीर हम्झाचे वीर राक्षसांशी झुंजत असता कड्याआडून, गवाक्षातून, झाडाच्या बुंध्यामागून कोणी ना कोणी डोकावत असतो आणि त्याचे बोट ओठांवर टेकलेले असते. हा तोंडात बोट घातलेला माणूस चित्रातला पहिला श्रोता होय. थक्क कोठे व्हावयाचे, हे बैठकीतल्या श्रोत्यांना तोच आधी दाखवून देतो.

अद्भुताची ही हौस पुरेपूर भागल्यावर अकबराचे मन इतिहासाकडे वळले, आणि त्याबरोबर या साक्षीदाराचा दर्जाही वाढला. स्वतःच्या कारकीर्दीची बखर, म्हणजे ‘अकबरनामा’, लिहिण्याचे काम त्याने १५८९ मध्ये अबुल फजलकडे सोपवले, तेव्हा जुन्या माणसांच्या आठवणी लेखी जमवण्यात आल्या: हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने आपल्या आठवणी लिहिल्या, त्याचप्रमाणे हुमायूनला पाण्याची झारी देणाऱ्या जौहर आफ्ताबचीनेही लिहिल्या. शहजादी आणि झारीवाला हे दोघेही ज्या दफ्तरात साक्षीस उभे राहतात, त्या बखरीची चित्रे नुसत्या नायकावर भागणे शक्यच नव्हते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अकबरनाम्या’ची ११६ चित्रे आहेत, त्यांतले एक दुपानी चित्र या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. १५६१ साली आग्र्यास तरुण अकबराने हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर स्वार होऊन रणबाघा या हत्तीशी झुंज दिली, आणि पळणाऱ्या रणबाघाच्या पाठोपाठ यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडला. ईश्वराची मर्जी नसेल तर त्याने या जिवाचा भार येथेच संपवावा, अशा भावनेने आपण ते धाडस केले, असे अकबराने पुढे अबुल फजलला सांगितले. आता चित्रात पाहावे, तर ही आध्यात्मिक बाजू कोठेच रेखलेली नाही. दिसतात त्या हत्तींच्या वजनाने पाण्यात दबणाऱ्या नावा, त्या सावरताना मेटाकुटीस आलेले नावाडी आणि काठावर उडालेली तारांबळ. बादशहाच्या मनात काय होते हे बखरकाराला कळले. नावाड्यांच्या पाठीचे काय झाले ते बसावनने पाहिले. घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी त्याने या चित्राचा आराखडा रेखला, रंग चतरने भरले, आणि तशी नोंद कारकुनाने समासात करून ठेवली. एकाने ‘तरह’ करावी, दुसऱ्याने ‘अमल’, आणि चेहरे कधी तिसऱ्यानेच उतरावेत, अशी या कारखान्याची वहिवाट होती. एकाच पानावर अनेकांची नजर फिरत असल्यामुळेच त्या पानात इतक्या माणसांना जागा मिळाली असावी, असे मला वाटते.

जहांगीरला असा गजबजलेला प्रसंग रुचेना. त्याला एकेक चेहरा हवा होता. १६१८ मध्ये अफू आणि मद्याने पार झिजलेला त्याचा दरबारी इनायतखान पालखीतून त्याच्यापुढे आणण्यात आला. त्याची दशा पाहून बादशहाने चित्रकारांना त्याची तसबीर काढण्याची आज्ञा केली, आणि लवकरच तो वारला. त्या रेखाटनात, तसेच ऑक्सफर्ड येथील रंगीत चित्रात, लोडांना टेकलेला हाडांचा सापळा आणि त्याची पुढे लागलेली दृष्टी याखेरीज काही नाही. हकीम नाही, चाकर नाही, बोट तोंडात घालणारा कोणी नाही. साक्षीदार चित्राबाहेर येऊन आपल्या जागी उभा राहिला आहे. आणि कथा सांगण्याची कला येथे जितकी खोल गेली, तितकी त्यापूर्वी कधी गेली नव्हती.

त्याच सुमारास त्याच दरबारात अबुल हसनने काढलेले दुसरे चित्र, जे आज डब्लिनला आहे, आपल्याकडच्या वाचकाने अवश्य पाहावे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मस्तकात बाण मारतो आहे. प्रत्यक्षात निजामशाहीच्या या वजिराने मोगली फौजांना दख्खनेत जेरीस आणले, खडकीस नहर बांधली, आणि १६२६ साली तो आपल्या मरणाने मेला; खुलताबादेस त्याची कबर आहे. घटना घडलीच नाही, तेव्हा पाहणारा कोठून यावा? हस्तकौशल्याच्या दृष्टीने हे चित्र अप्रतिम आहे, पण कथाचित्र म्हणून मला ते पोकळ वाटते.

शहाजहानच्या ‘पादशहानाम्या’त माणसे पुन्हा दाटीने आली, तरी ती हारीने उभी राहून केवळ एका बाजूचा चेहरा दाखवतात, ती हजर आहेत, पाहत नाहीत. पाहणारी माणसे शोधावयाची, तर त्याच काळातल्या उदयपूरकडे वळावे लागते. तेथे महाराणा जगतसिंहाच्या आश्रयाने १६४९ पासून रामायणाची सचित्र प्रत तयार होऊ लागली, आणि तिची काही कांडे रंगवणाऱ्या साहिबदीनने एकाच पानावर एकच पात्र तीन-चारदा रेखून सबंध प्रसंग क्रमाने उलगडला. भोवती वानर, राक्षस आणि नगरजन डोळे विस्फारून उभे आहेत. त्या प्रतीचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून, काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.